तू खाऊ घातलेला करी राइस

विलास,

काल तुझं तेरावं झालं. पूर्वाने केळीच्या पानाचा फोटो पाठवला. काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, अळूची भाजी, तांदळाची खीर, कडेला दोन घावणे. खाली लिहिलं होतं, 'बाबांना आवडायचं ते सगळं केलं, काका.' मी फोटो मोठा करून बघितला. तुझ्या लेकीने खरंच काही सोडलं नव्हतं. पण शेवटची दोन वर्षं तू ज्याच्यावर जीव टाकत होतास ते त्या पानात नव्हतं, आणि ते तिला माहीत असायचं कारणही नाही. जेद्दात एका ऑफिस टॉवरच्या खाली, गाड्या लावायच्या मजल्यावर, लतीफ नावाचा एक मलेशियन माणूस हैनानी करी राइस करतो, हे चिपळूणजवळच्या तुझ्या गावात कुणाला सांगायचं आणि कशाला?

तू आणलेल्या पार्सलच्या डब्यात मी तो पदार्थ पहिल्यांदा बघितला तेव्हा काय म्हणालो होतो, आठवतं? म्हणालो होतो, "हे कुणीतरी आधीच एकदा खाल्लेलं दिसतंय."

तू रागावला नाहीस. हसलास आणि चमचा उचललास.

मला तेव्हा कळायला हवं होतं की ते जेवण तुझ्यासाठी नुसतं जेवण नव्हतं. त्या टॉवरपर्यंत तू उन्हात पाय न ठेवता जाऊ शकत होतास. आपण काम करायचो त्या टॉवरचं पार्किंग आणि त्यांचं पार्किंग खालून जोडलेलं. रस्त्यावर आलं की इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, तपासणारा कुणी भेटेल ही भीती, कारण तुझा इकामा संपलेला. अपघाताची केस उघडी होती म्हणून इकामा अडला, आणि इकामा अडला म्हणून केसच्या तारखेला कचेरीत जायची भीती. शेवटची दीड वर्षं तर तू शराफियातल्या आपल्या खोलीवरही येत नव्हतास. टॉवरच्या एसीचं पाणी थंड करणाऱ्या आपल्या चिलर प्लांटच्या मागे हत्यारं ठेवायची खोली होती, तिथं गादी टाकलीस. सुपरवायझरने बघून न बघितल्यासारखं केलं. शुक्रवारी आम्ही सगळे बाजारात, समुद्रावर. तू तिथंच, त्या घरघरीत. लतीफचं हॉटेल हे तुझ्या जगाचं दुसरं टोक होतं. त्याच्या पुढं तुला जाता येत नव्हतं.

आणि त्या टोकाला तू मला दोन वर्षं बोलावत होतास, आणि मी येत नव्हतो.

कारणं काढायचो. एकदा म्हणालो, "ह्या चिन्यांच्या जेवणात काय असेल सांगता येत नाही. हलाल असेल कशावरून?"

"अरे मेल्या, सौदीत हराम कोण विकेल? आणि लतीफ पाच वेळचा नमाजी आहे."

"त्या काळ्या सॉसमध्ये दारू असते म्हणतात."

दुसऱ्या दिवशी तू माझ्यापुढं मोबाइल धरलास. लतीफ बाटली हातात घेऊन उभा, आणि बाटलीवरचा हलालचा शिक्का तू इतक्या जवळून टिपला होतास की लतीफचं डोकं अर्धं कापलं गेलं होतं. एका मुसलमानाच्या जेवणाची खात्री करायला एक हिंदू दुसऱ्या मुसलमानाच्या स्वयंपाकघरात शिरला होता. मी हे घरी फोनवर बायकोला, रेहानाला, सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं करतो माणूस आणि तुम्ही जात नाही?"

गेलो नाही. खरं कारण मी तुला सांगितलं नव्हतं आणि रेहानालाही नाही. तुझ्यासमोर एका टेबलावर, बाकी कुणी नसताना, तासभर बसायची मला भीती वाटायची. कामावर आपण दोघं सतत एकत्र असायचो. पण तिथं हातात पाना असतो, मशीनचा आवाज असतो, बोलावं लागत नाही.

मग माझा फायनल एक्झिट आला. कंपनीचा कागदपत्रं करणारा माणूस, आपला मंदूब, त्याने सकाळी मोबाइलवर कागद पाठवला. नोकरी संपली, घरी जा, साठ दिवसांच्या आत देश सोड. एकोणीस वर्षांनंतर. मी प्लांटमध्ये येऊन तुला तो दाखवला. तू कापडाने हात पुसलेस, मोबाइल हातात घेतलास आणि अरबी येत नसताना तो कागद वरपासून खालपर्यंत बघितलास. म्हणालास, "सुटलास रे." मग म्हणालास, "आता तरी चल. जायच्या आधी एकदा माझ्याबरोबर जेव."

त्या गुरुवारी आपण पार्किंगमधून चालत गेलो. तू धुतलेला शर्ट घातला होतास. वर त्या टॉवरमध्ये बँका, वकील, कसली कसली विदेशी ऑफिसं. लिफ्टमधून गळ्यात ओळखपत्रं लावलेली माणसं खाली येत होती आणि आपल्यासारखीच रांगेत उभी राहत होती, कारण एवढ्या स्वस्तात पोटभर जेवण त्या सगळ्या भागात दुसरीकडे कुठं मिळत नाही. सहा टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, काचेमागे स्टीलची भांडी. लतीफने तुला बघितलं आणि हात वर केला. "विलास! आज फ्रेंड?"

"फ्रेंड," तू म्हणालास. "घर जा रहा है."

मी ते सगळं बारकाईने बघितलं, आता सांगतो. त्याने ताटलीत भात घातला. पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला चिकनचा तुकडा भातावर धरला आणि कात्रीने कापला. साधी कात्री, आपण पत्र्याला वापरतो तिची लहान बहीण. काळ्या सॉसमध्ये शिजवलेलं अंडं, तेही कात्रीने. मग कोबी, इतका शिजवलेला की त्याला आकार राहिला नव्हता. आणि मग वरून एक डाव पिवळी करी, एक डाव काळा रस्सा, पुन्हा पिवळी, जोवर भात दिसेनासा होत नाही तोवर. ताटली पुढं आली तेव्हा मला आमच्या खाडीतला ओहोटीचा चिखल आठवला.

"कालवू नकोस," तू म्हणालास. "आधीच कालवलेलं आहे. नुसतं खा."

पहिला घास मला सपक लागला. तिखट नाहीच. काहीसं गोड, काहीसं गुळगुळीत, वरण घट्ट झाल्यावर होतं तसं. दुसऱ्या घासाला मिरी लागली, आणि मागून बादयानचा, चक्रीफुलाचा वास. तळलेलं चिकन करीत अर्धं भिजलेलं, अर्धं कुरकुरीत. कोबीत सुकी कोळंबी होती! ती दाताखाली आली आणि मी थांबलो. तू माझ्या तोंडाकडेच बघत होतास.

"कळली?" तू म्हणालास.

"सोडे आहेत."

"मी तुला दोन वर्षं काय सांगतोय!"

तू हे कधीच सांगितलं नव्हतंस. सोडे आहेत म्हणाला असतास तर मी पहिल्याच दिवशी आलो असतो. ह्यावरून आपण भांडलो, तिथंच, भरल्या तोंडाने. मग करीत नारळ आहे की दूध ह्यावरून. तू म्हणत होतास नारळाचं दूध, पातळ, दुसऱ्या पाण्याचं. मी म्हणत होतो डब्यातलं साधं दूध आणि मैदा. लतीफला बोलावलं. तो म्हणाला, "सीक्रेट," आणि हसत गेला. ते भांडण तसंच राहिलं आहे. मी नंतर एकट्याने जाऊन विचारू शकलो असतो. विचारलं नाही.

तू तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितलीस. लतीफचा उस्ताद चीनमधल्या हैनान बेटावरून तरुणपणी मलेशियात आलेला. साहेबांच्या बंगल्यात स्वयंपाकी होता, तिथं तळलेला कटलेट शिकला; आपल्या लोकांकडून करी शिकला; कोबी आणि काळं अंडं घरचं. सगळं एका ताटात घातलं आणि दुकान काढलं. त्याच्या दुकानात डुकराचं मांस असायचं, लतीफ मात्र चिकनवर शिकला. "पंगतीत शेवटी पानात सगळं एक होतं ना," तू म्हणालास, "भात, आमटी, भाजीचा रस, कोशिंबिरीचं पाणी. मला तो घास सगळ्यांत आवडायचा. आई ओरडायची. हा माणूस सुरुवातच तिथून करतो."

लतीफ टेबल पुसायला आला तेव्हा तू त्याला विचारलंस, "तुम्हारा उस्ताद वापस गया? घर?"

लतीफने फडकं पिळलं. "नो, नो. दुकान में ही मरा. ओल्ड मॅन."

तू मान हलवलीस आणि खात राहिलास. मी मात्र चमचा खाली ठेवला. समोर तू बसलेला, माझ्या खिशात घरी जायचा कागद, आणि पोटात चार वर्षं दाबून ठेवलेली एक गोष्ट. मी म्हणालो, "विलास, त्या दिवशीचं... सिग्नलचं..."

"खा आधी," तू म्हणालास. "गार झालं की ह्याची खळ होते."

मी खाल्लं. ताटली पुसून खाल्ली. मग तू पाण्याचा ग्लास खाली ठेवलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "अन्वर, तुझं विमान सुटू दे. घरी पोच. पोरांना भेट. मग मला फोन कर, आणि काय सांगायचं ते सांग. तिथून सांग. इथं असताना काही बोलू नकोस कुणाला."

म्हणजे तुला माहीत होतं. की नुसता अंदाज होता? हे मी रोज स्वतःला विचारतो.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला कळावं म्हणून त्या दिवशीचं लिहून ठेवतो. तुला सांगायची गरज नाही. चार वर्षांपूर्वी दुपारी दोन वाजता कंपनीची पिकअप तू चालवत होतास आणि मी शेजारी होतो. चौकात एक डिलिव्हरीवाला मोटरसायकलसकट आपल्या बाजूला आदळला. त्याचा पाय मोडला. तू म्हणालास आपला सिग्नल हिरवा होता, तो म्हणाला त्याचा. चौकात कॅमेरा नव्हता. पोलिसांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मैं फोन देख रहा था. मैंने नहीं देखा."

मी फोन बघत नव्हतो, विलास. मी समोर बघत होतो. सिग्नल हिरवा होता. हिरवा होऊन चांगला वेळ झाला होता.

माझी सुट्टी बारा दिवसांवर आली होती. केसमध्ये साक्षीदार झालं की त्यालाही तारखा पडतात, त्यालाही देश सोडू देत नाहीत, असं कॅम्पात कुणीतरी सांगितलेलं. खरं की खोटं मी कधी विचारलं नाही. रेहानाचे दिवस भरत आले होते. मी घाबरलो, एवढंच. बाराव्या दिवशी मी विमानात बसलो आणि बॅग उचलून मला बसपर्यंत सोडायला तू आला होतास. तुझ्यावर तेव्हाच 'मतलूब' लागलं होतं, म्हणजे सरकारच्या लेखी तू हवा असलेला माणूस. मला वाटलं दोन-चार महिन्यांत निकाल लागेल. तो डिलिव्हरीवाला बरा होऊन त्याच्या देशाला निघून गेला, साक्षीला आला नाही, केस ना चालली ना बंद झाली. तुझे वडील गेले, तू मोबाइलवर अग्नी बघितलास. पूर्वाचं लग्न ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं. मी दोनदा घरी जाऊन आलो.

एकदाही तू मला विचारलं नाहीस, "अन्वर, तू खरंच फोन बघत होतास का?" विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं म्हणायला मला आवडलं असतं.

जेवणानंतर आठव्या दिवशी सकाळी मी कामावर आलो तर प्लांटचं दार आतून नुसतं लोटलेलं. तू उलट्या बादलीवर बसला होतास, पाठ पाइपला, हातात चहाचा कप तसाच धरलेला, चहा न सांडलेला. मी दोन हाका मारल्या. हॉस्पिटलने हार्ट असं लिहिलं. मी तुझा हात सोडवून कप काढला तेव्हा तो अजून कोमट होता. तुझा हात की कप, तेही मला आता नीट आठवत नाही.

मग तुझे कागद सुरू झाले. मुस्तफाभाई म्हणून केरळचे एक गृहस्थ आहेत, इथं मरणाऱ्या आपल्या माणसांची कामं ते फुकट करतात, अरबी अस्खलित बोलतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "आपका टिकट है, आप जाओ. घरवालों से अथॉरिटी मेरे नाम मंगवा लो. मैं भेज दूंगा इनको." माझं विमान सहा दिवसांवर होतं. मी त्यांना हो म्हणालो. संध्याकाळी वहिनींना फोन केला तर त्यांनी मी बोलायच्या आधीच सांगितलं, "कागद तुमच्या नावाने करतोय, भावजी. दुसऱ्या कुणाच्या हाती नको. तुम्ही आहात म्हणून मी उभी आहे."

सहा दिवसांत ते सगळं होणारं नव्हतं. मंदूबला जाऊन म्हणालो, एक्झिट रद्द कर. तो म्हणाला, "रद्द करेगा तो नया कॉन्ट्रॅक्ट. दो साल. बीच में छुट्टी नहीं मिलेगा. समझा?"

"समझा."

"भाई था तेरा?"

मी नाही म्हणालो. भाऊ म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

हे मी मोठ्या मनाने केलं असं कुणी समजू नये. त्या कागदावर सही केल्यावर मी जिन्यात बसून रडलो, आणि तुझ्यासाठी नाही, स्वतःसाठी. रेहाना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. धाकटा, जो त्या सुट्टीत जन्मला, तो फोनवर म्हणाला, "अब्बू, यू सेड धिस टाइम पक्का." तुझा राग आला मला. शवागारात तू थंड पडलेला, आणि मला तुझा राग आला, की आठ दिवस आणखी थांबला असतास तर मी तिथून फोन केला असता.

शेवटचा कागद पोलिसांचा होता. केस आहे का, हरकत आहे का. मुस्तफाभाई आणि मी त्या कचेरीत तीन तास बसलो. अधिकारी तरुण होता, वागायला सभ्य. त्याने तुझं नाव टाकलं, स्क्रीनकडे बघितलं आणि सांगितलं की माणूस वारला, म्हणून केस आपोआप बंद झाली. प्रवासबंदी उठली. अल्ला यरहमू, अल्ला त्याच्यावर दया करो.

मी मुस्तफाभाईंना म्हणालो, "इनको बोलो, मैं उस गाडी में था. सिग्नल ग्रीन था. मैंने देखा था. लिखवाना है."

ते माझ्याकडे वळले. त्यांनी ते अरबीत सांगितलं. अधिकाऱ्याने मला बघितलं, मग त्यांच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलला.

"बोल रहे हैं, फाइल बंद है. बंद फाइल में बयान नहीं होता."

"बोलो, मेरे ऊपर जो करना है करो. पर लिखो."

पुन्हा बोलणं झालं. अधिकाऱ्याने तुझा हरकत नसल्याचा कागद छापला, शिक्का मारला आणि माझ्या हातात दिला. एकच शब्द बोलला, तो भाषांतराशिवाय कळला. खलास.

बाहेर आल्यावर मुस्तफाभाईंनी मला ज्यूसची बाटली घेऊन दिली. म्हणाले, "चार साल पहले बोलते तो शायद एक दिन का काम था. शायद. मालूम नहीं." चांगला माणूस आहे, म्हणून खोटं बोलला नाही.

तुझी पेटी गेली त्या दिवशी कार्गोच्या दाराबाहेर मी उभा होतो. तुझ्या पेटीमागून ट्रॉलीवर खजुराची खोकी आत गेली. मी सलाम केला की नमस्कार, हात आपोआप काय झाले, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तू घरी. मी मोबाइलवर बघितलं. अंगणात किती माणसं जमली होती! पूर्वाने अग्नी दिला. तुझ्या आईला दोघींनी धरून आणलं होतं. आईंनी पेटीवरचं नाव बोटाने चाचपलं होतं.

आज सकाळी, कामावर निघायच्या आधी, मी वहिनींना फोन केला. तेरावं होईपर्यंत थांबलो होतो. रात्रभर वाक्य जुळवलं होतं आणि ते पहिल्याच शब्दाला मोडलं.

"वहिनी, त्या अपघाताच्या दिवशी गाडीत मी होतो."

"माहीत आहे मला."

"पोलिसांनी मला विचारलं होतं. सिग्नलचं. मी त्यांना..."

"थांबा," त्या म्हणाल्या.

मी थांबलो. मागे कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज येत होता. मग तोही बंद झाला. बहुतेक त्या दुसऱ्या खोलीत गेल्या असतील.

"फोनवर नको, भावजी. मी फोनवर चार वर्षं काढली. फोनवर सासरे गेले, फोनवर लग्न मोडलं, हे गेले तेही तुम्ही फोनवर सांगितलंत. आता जे असेल ते घरी येऊन सांगा. मी, पूर्वा आणि आई, तिघी समोर बसतो. आमच्या तोंडाकडे बघून सांगा. मग मी काय ते बोलेन."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती. त्यांना कळलं आहे की नाही, मला सांगता येत नाही.

मी म्हणालो, "मला दोन वर्षं येता येणार नाही, वहिनी."

"मग दोन वर्षांनी या."

बस खाली हॉर्न वाजवत होती. मला काहीतरी बोलायचं होतं, आणि तोंडातून आलं ते हे: "आईंची तब्येत कशी आहे?"

तुझ्या आई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत.

"बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "थांबतील त्या."